बारावी की खेळातला कोर्स? दोन्ही एकत्र शिकवता येणार नाही का? (गोवा)

मैदानकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत शारीरिक शिक्षण शिकवतो. दहावीचा निकाल लागला की काही ठरावीक मुलं भेटायला येतात. तालुक्याला, राज्याला खेळलेली, मैदानावर दहा जणांना सांभाळून नेणारी, पण गुणपत्रिकेत पंचावन्न-साठच्या आसपास अडकलेली. "सर, पुढं काय घेऊ?" एवढंच विचारतात. घरचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: "खेळून पोट भरता?"

मग त्यांच्यापुढं दोनच वाटा राहतात. एक, कॉमर्सला नाव घालायचं आणि खेळ रविवारपुरता ठेवायचा. दुसरी, शिक्षण सोडून जिममध्ये, वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवर किंवा एखाद्या टर्फवर कामाला लागायचं. दुसऱ्या वाटेनं गेलेली मुलं सुरुवातीला खूश असतात. हातात पैसे येतात, आवडीचं काम असतं. पण पंचविशीत पोचल्यावर वर सरकायचं म्हटलं की कागद आडवा येतो, आणि तोवर पुन्हा वर्गात बसायची सवय मोडलेली असते.

आपल्या गोवा बोर्डाच्या बारावीचा निकाल चार शाखांत लागतो: कला, वाणिज्य, विज्ञान आणि व्यावसायिक. म्हणजे व्यावसायिक शिक्षण आपल्याला नवं नाही. पण लोकांच्या मनात ती शाखा शेवटच्या बाकावर आहे, आणि खेळाला तर तिथंही नीट जागा नाही. क्रीडागुण मिळतात, त्यानं निकाल थोडा वर जातो, चांगलंच आहे. पण ते गुण मूल खेळलं म्हणून मिळतात. खेळातून ते काय शिकलं, हे कुणी तपासत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे सगळं लिहिलेलं आहे. अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर, शैक्षणिक आणि व्यावसायिक यांच्यात भिंती नकोत. २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी. खेळाची सांगड घालून इतर विषय शिकवावेत. धोरण वाचताना बरं वाटतं. पण आमच्या वेळापत्रकात पी.टी.चा तास आजही सर्वांत आधी कापला जातो. गणिताचा भाग राहिला की पी.टी. दे, गॅदरिंगची तालीम असली की पी.टी. दे.

मी काय करतो ते सांगतो. शाळांच्या फुटबॉल स्पर्धेआधी मैदान आखायचं असतं. पूर्वी हे काम शिपाई करायचा. आता मी अकरावीच्या मुलांकडून करून घेतो. बारा मीटर सुतळी, तिला तीन आणि सात मीटरवर गाठ, तीन खुंट्या. सुतळी ताणली की तीन-चार-पाचचा त्रिकोण होतो आणि कोपरा काटकोनात बसतो. पायथागोरस त्यांनी वहीत लिहिलेला असतोच. पण कोन एका अंशानं चुकला तर शंभर मीटरवर रेघ पावणेदोन मीटर सरकते, हे त्यांना चुना टाकून झाल्यावर डोळ्यांनी दिसतं. मग मुलं आपणहून विचारतात, "सर, आधीच कसं तपासायचं?" तेव्हा मी कर्ण मोजायला लावतो. १०० बाय ६४ मीटरच्या मैदानाचा कर्ण ११८.७३ मीटर यायला हवा, दोन्ही बाजूंनी सारखाच. गणिताला कंटाळणारा मुलगा टेप धरून दुसऱ्यांदा मोजत असतो, कारण उद्या त्याच्याच मैदानावर सामना असतो.

हे काम म्हणजे गणितही आहे आणि मैदान तयार करणाऱ्या माणसाचा धंदाही. त्याला गुण मात्र कुठल्याच रकान्यात नाहीत.

म्हणून विचारतो. खेळ, फिटनेस, जलक्रीडा, पर्यटनातला विरंगुळा या क्षेत्रांचं शिक्षण गोव्यात पुस्तकासकट आणि हातातल्या कामासकट, एकाच छपराखाली देता येईल का? काय अडेल? ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी कृपया लिहावं.

---

गणितबाई_फोंडा

सर, धाग्याबद्दल मनापासून आभार. तुमचं मैदान वाचून माझं तलावाचं गणित सांगावंसं वाटलं.

अकरावीच्या मुलांना मी हे घालते. तलाव २५ मीटर लांब, १० मीटर रुंद, एका टोकाला एक मीटर खोल आणि दुसऱ्या टोकाला दोन. सरासरी खोली दीड मीटर, म्हणजे ३७५ घनमीटर, म्हणजे ३ लाख ७५ हजार लिटर पाणी. क्लोरीनचं प्रमाण लिटरमागं एक मिलिग्रॅमनं वाढवायचं तर ३७५ ग्रॅम क्लोरीन हवा. पण डब्यातली पावडर ६५ टक्क्यांची असते, म्हणून ३७५ भागिले ०.६५, साधारण ५७७ ग्रॅम. इथपर्यंत टक्केवारी आणि घनफळ.

पुढं रसायनशास्त्र लागतं. पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली ते सांगणारा आकडा) ७.५ च्या आसपास असला तर क्लोरीनचा जंतू मारणारा भाग निम्माच असतो, आठवर गेला तर पावभरच उरतो. म्हणजे पावडर तेवढीच टाकली तरी पाणी सुरक्षित असेलच असं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. आम्लाजवळ तर ती न्यायचीच नाही, विषारी वायू सुटतो.

आता सांगा, तलाव सांभाळणाऱ्या माणसाला हे कळायला नको का? आणि ज्याला हे कळतं त्याला आपण 'अशिक्षित कामगार' म्हणून किती दिवस वागवायचं? एका तलावावर मी स्वतः पाहिलं, माणूस मुठीनं पावडर टाकत होता. विचारलं तर म्हणाला, "बाई, वासावरून कळता." माणूस कामाचा आहे, त्याला कुणी शिकवलंच नाही.

माझं मत: असे विषय शिकवायला पी.टी. शिक्षक आणि विषयशिक्षक दोघं एका तासाला हवेत. एकट्यानं होणार नाही.

---

जीवरक्षक_उत्तर_गोवा

मी किनाऱ्यावर जीवरक्षक आहे. लिहायची सवय नाही, पण हा विषय आमचाच आहे म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं जीवरक्षक म्हणजे पोहणारा. भरतीला येणारी पोरं तसंच समजून येतात. पोहायला कुणी कमी नसतं, किनाऱ्यावरचीच पोरं. पण आमचं अर्धं काम पाण्यात उतरण्याआधीचं आहे. समुद्र आत ओढतो ती जागा ओळखावी लागते. लाटा किनाऱ्यावर पाणी आणतात, ते पाणी परत जायला खोल वाट शोधतं. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत आणि गडद दिसतं. पर्यटक नेमका तिथंच उतरतो, बायकापोरांना घेऊन, कारण बाकी ठिकाणी लाटा दिसतात. या ओढीचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत नोंदलेला आहे. त्याच्या विरुद्ध पट्टीचा पोहणारासुद्धा टिकणार नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं असतं. हे भूगोल आहे की पोहणं, तुम्ही ठरवा.

मग श्वास. बुडालेल्या माणसाचं हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्यामुळं. म्हणून त्याला आधी श्वास द्यायचे, मग छाती दाबायची. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, ३० दाबांमागं दोन श्वास. हे पाठ करणारी पोरं खूप असतात. 'आधी श्वास का?' विचारलं की गप्प. ज्याला कारण माहीत असतं तो गोंधळात क्रम चुकत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

आणि तिसरी गोष्ट, लिहिणं. प्रत्येक घटनेचा अहवाल लागतो. किती वाजता, कुठल्या झेंड्याजवळ, पाण्याची स्थिती काय, काय केलं. एखादं प्रकरण पोलिसात गेलं तर तोच कागद उभा राहतो. जीव वाचवणारा हात चार ओळी लिहिताना अडखळतो तेव्हा वाईट वाटतं. अशी चांगली पोरं वरच्या जागेवर जात नाहीत.

तेव्हा मास्तर, तुमचं बरोबर आहे. पोरांना बारावी करू द्या आणि आमच्याकडंही पाठवा. एक सोडून दुसरं नको.

---

पणजीकर_प्राध्यापक

चर्चा चांगली चालली आहे, पण मला एक भीती मांडायची आहे.

व्यावसायिक शिक्षणात घालायला आपण कुणाची मुलं निवडतो? ज्यांना कमी गुण पडतात त्यांची. आणि कमी गुण कुणाला पडतात? ज्यांच्या घरी शिकवणीला पैसे नसतात, अभ्यासाला वेगळी खोली नसते. 'तुझं डोकं चालत नाही, हात चालतात' हे वाक्य आपल्या समाजानं काही जातींना आणि काही गावांना पिढ्यान् पिढ्या ऐकवलं आहे. खेळाचा अभ्यासक्रम त्याच वाक्याची नवी आवृत्ती होऊ नये. दहावीत ९० टक्के मिळालेला मुलगा ज्या दिवशी हा विषय घेईल, त्या दिवशी माझी खात्री पटेल.

दुसरी भीती फुकटच्या मजुरीची. हंगामात बोटवाल्याला, हॉटेलच्या तलावाला माणसं हवीच असतात. 'प्रशिक्षण' म्हणून सोळा वर्षांचं पोर दिवसभर लाइफ जॅकेटं धूत बसलं तर त्यात शिक्षण काय झालं?

---

मैदानकर

प्राध्यापक महाशय, तुमच्या दोन्ही भीती रास्त आहेत आणि त्यांवर उत्तर असल्याशिवाय काही सुरू करूच नये, या मताचा मी आहे.

पहिल्याबद्दल: हा विषय कमी गुणवाल्यांसाठी वेगळा वर्ग म्हणून काढला तर तो पहिल्याच वर्षी बदनाम होईल. तो सगळ्या शाखांच्या मुलांना घेता यायला हवा. विज्ञानाच्या मुलीनं जीवशास्त्राबरोबर घ्यावा, कॉमर्सच्या मुलानं हिशेबाबरोबर. क्रीडा संकुल चालवायलाही हिशेब लागतोच. सीबीएसईत अकरावी-बारावीला शारीरिक शिक्षण हा ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक असा विषय आहे आणि हुशार मुलंही तो घेतात. पण तिथं तोल पुस्तकाकडं झुकलेला आहे. स्नायूंची नावं पाठ असतात, पण लचकलेल्या घोट्याला पट्टी बांधता येत नाही.

दुसऱ्याबद्दल: कामाच्या जागी काय शिकायचं ते आधी लिहून दिलेलं असावं. रोज मुलानं नोंदवही लिहावी, तिथल्या माणसानं सही करावी, शिक्षकानं अचानक जाऊन पाहावं. जिथं नुसतं जॅकेट धुणं चाललंय तिथून मूल परत आणावं. जॅकेट धुणंही शिकावं लागतं, पण एका दिवसात ते शिकून होतं.

---

स्विंडनवासी

मी मूळचा बार्देशचा, बरीच वर्षं इंग्लंडात स्विंडनला आहे. इथं गोंयकारांची मोठी वस्ती आहे हे बहुतेकांना माहीत असेल. माझा मुलगा नेमका हाच प्रकार शिकतोय म्हणून सविस्तर लिहितो.

इथं सोळाव्या वर्षी मुलं ए-लेव्हल (आपल्या अकरावी-बारावीसारखा, एकेका विषयाचा अभ्यास) घेतात किंवा बीटेक नावाची व्यावसायिक पात्रता घेतात. आपल्या इंजिनियरिंगच्या बी.टेक.शी तिचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. खेळाचं बीटेक लहान-मोठ्या आकारात मिळतं. लहान आकाराचं एका ए-लेव्हलच्या बरोबरीचं, सर्वांत मोठं तीन ए-लेव्हलच्या बरोबरीचं. म्हणून दोन्ही मिसळता येतं. माझ्या मुलानं ए-लेव्हलला जीवशास्त्र घेतलंय आणि सोबत खेळाचं बीटेक. विद्यापीठ प्रवेशासाठी प्रत्येक श्रेणीला अंक असतात. ए-लेव्हलच्या सर्वोच्च श्रेणीला ५६ आणि लहान बीटेकच्या सर्वोच्च श्रेणीलाही ५६. कागदावर तरी दोघांना एकच तराजू.

अभ्यास म्हणाल तर शरीररचना आणि शरीरक्रियेचा पेपर बाहेरून येतो, परीक्षा नेहमीसारखीच. बाकी बरंचसं काम असाइनमेंटचं. एखाद्या खेळाडूसाठी सहा आठवड्यांचा सराव आखायचा, तो त्याच्याकडून करून घ्यायचा, आधी-नंतरची मोजमापं लिहायची आणि कुठं फरक पडला, कुठं नाही, याची कारणं द्यायची. मुलाचं लिहिणं यामुळंच सुधारलं. निबंध म्हटलं की पळायचा, इथं पानंच्या पानं लिहितो.

शिवाय कॉलेजशेजारच्या तलावावर त्यानं जीवरक्षकाची राष्ट्रीय पात्रता घेतली. वय सोळा पूर्ण हवं. निदान ३६ तासांचं प्रशिक्षण, ५० मीटर एका मिनिटाच्या आत पोहायचं, तळाशी बुडी मारता यायला हवी. प्रमाणपत्र दोनच वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा. ही शेवटची गोष्ट आपल्याकडं नक्की घ्यावी. एकदा मिळालेला कागद जन्मभर पुरवण्यानं माणसं गंजतात.

पण इथं सगळं आलबेल आहे असं समजू नका. अंक सारखे असले तरी फिजिओथेरपीसारख्या अभ्यासक्रमांना अनेक विद्यापीठं ए-लेव्हलचं जीवशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण मागतात. नुसतं बीटेक घेतलेल्या मुलांना ते उशिरा कळतं. आम्ही आधी विचारलं म्हणून जीवशास्त्र घेतलं. गोव्यातल्या पालकांनीही कोर्स घेण्याआधी पुढच्या पायरीची अट काय, ते लेखी विचारून घ्यावं. तोंडी आश्वासनावर राहू नये.

---

जुना_स्टॉपर

क्लब फुटबॉल खेळलो. गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि खेळ संपला. बँकेत खेळाडू म्हणून नोकरी लागली होती, ती होती म्हणून घर चाललं.

आमच्या वेळी गोव्यात एक व्यवस्था होती. खाणवाल्यांचे, कंपन्यांचे क्लब होते. खेळ चांगला असेल तर क्लब, क्लबमुळं नोकरी. शिक्षणाकडं कुणी बघायचं नाही आणि गरजही भासायची नाही. २०१२ ला खाणी बंद पडल्या. २०१६ ला साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे तीनही क्लब आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडले. ज्या शिडीनं आम्ही वर चढलो ती आजच्या पोरासाठी जागेवर नाही. फुटबॉल हा आपला राज्य खेळ आहे, एफसी गोवाचा सामना असला की फातोर्ड्याचं स्टेडियम भरतं, पण त्या मैदानावर उतरणारे गोव्याचे किती? उरलेल्या शेकडो पोरांचं काय, हा प्रश्न आहे.

मी पुढं फुटबॉल प्रशिक्षकाचा सुरुवातीचा 'डी' परवाना केला. मैदानावरचं काही अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते सत्राचा आराखडा लिहिणं. आजचा हेतू काय, दहा वर्षांच्या पोराला किती जागा द्यायची, किती वेळानं पाणी, सराव सोपा कसा करायचा, अवघड कसा करायचा, सगळं कागदावर. माझ्याबरोबर माझ्याहून सरस खेळलेले लोक होते, ते तिथंच अडले. त्यांच्या डोक्यात फुटबॉलचं जे ज्ञान आहे ते त्यांच्याबरोबरच जाणार, याचं दुःख होतं.

म्हणून मास्तर, खेळणाऱ्या पोराला लिहायला लावा. सामना झाला की एक पान: मी कुठं उभा होतो, गोल कसा बसला. मराठीत लिही, कोंकणीत लिही, पण लिही.

---

म्हादईकाठचा

सत्तरी तालुक्यातून लिहितोय. पावसाळ्यात म्हादईवर राफ्टिंग चालतं, उस्तें-सोनाळच्या पट्ट्यात, तिथं काम करतो.

वरच्या चर्चेत एक मुद्दा आला नाही, तो हंगामाचा. किनाऱ्यावरचं काम ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, बोटी वर ओढलेल्या. आमचं बरोबर उलटं, पाऊस पडला तरच नदी चालते. म्हणजे गोव्यात जलक्रीडा वर्षभर कुठं ना कुठं सुरूच असते. शाळेनं हे लक्षात घेऊन वर्ष आखावं. किनाऱ्याकडच्या मुलांनी पावसाळ्यात वर्गातला भाग संपवावा आणि दिवाळीनंतर आठवड्यातून दोन दिवस पाण्यावर जावं. सत्तरीच्या मुलांचं प्रात्यक्षिक पावसातच उरकावं. परीक्षेच्या तोंडावर कुणालाच कामाला पाठवू नये.

राफ्टमध्ये बसणाऱ्यांना मजा दिसते. आम्ही सकाळी आधी पाण्याची पातळी बघतो. रात्री वर डोंगरात किती पडला, पाणी मातकट आलं का, ओंडके वाहून येतात का. ठरलेल्या दगडाच्या वर पाणी असलं की त्या दिवशी राफ्ट उतरवायची नाही, गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी. हा निर्णय घ्यायला धीर लागतो आणि तो धीर कारण माहीत असल्यानं येतो. माझ्याबरोबरची पोरं जंगल, नदी, पक्षी सगळं जाणतात. त्यांच्याकडं दाखवायला कागद नाही म्हणून बाहेरून आलेला प्रमाणपत्रवाला त्यांच्यावर साहेब होतो. त्याला नदी कळायला दोन पावसाळे लागतात.

---

वास्कोचा_पेन्शनर

मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेला माणूस. १९१४ साली सुरू झालेली संस्था. तिथं सकाळी आखाड्याची माती, मल्लखांब, लेझीम, आणि दुपारी त्याच मुलांना वर्गात शरीरशास्त्र. तेव्हा कुणाला यात नवल वाटत नव्हतं. मराठी मुलखाला ही सांगड जुनीच आहे.

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली. मल्लखांब बघायला मी मुद्दाम गेलो होतो. खेळाडूंपेक्षा माझं लक्ष बाजूच्या माणसांकडं होतं. गाद्या लावणारे, वेळ टिपणारे, निकाल भरणारे, मुका मार लागला की धावणारे. एक स्पर्धा चालवायला केवढा फौजफाटा लागतो! ती मैदानं आणि इनडोअर हॉल आपल्याकडं आहेत. शाळांनी तिथं मुलांना नुसतं प्रेक्षक म्हणून न नेता हाताला काम द्यावं.

---

गणितबाई_फोंडा

श्रेयांकांबद्दल (क्रेडिट) कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे शिकण्याचे १,२०० तास आणि ४० श्रेयांक धरलेत, म्हणजे ३० तासांना एक. वर्गातलं शिक्षण, कौशल्यप्रशिक्षण, खेळ, कामाचा अनुभव हे सगळं यात मोजता येतं. अट एकच, मूल्यमापन झालेलं हवं, नुसती हजेरी चालत नाही. जमलेले श्रेयांक 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या ऑनलाइन नोंदणीत विद्यार्थ्याच्या खात्यावर राहतात.

म्हणजे जीवरक्षकदादांच्या हाताखाली ६० तास नीट शिकून परीक्षा दिली तर हिशेबानं दोन श्रेयांक होतात. मैदान आखणं, तलावाचं पाणी, प्रथमोपचार असे छोटे तुकडे जोडत गेलं तर वर्षाचा मोठा भाग उभा राहतो. आराखड्यानं दार उघडलेलं आहे. शाळेनं आणि बोर्डानं त्यातून आत जायला हवं.

---

साखळीची_आई

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. लहानपणापासून पोहते, शाळेकडून स्पर्धांना जाते. तिला पाण्यातलंच काहीतरी करायचंय. तिचे बाबा म्हणतात, कॉमर्स घे आणि बँकेच्या परीक्षा दे. सासूबाईंना भीती वेगळी: मुलीनं किनाऱ्यावर पर्यटकांत काम करायचं, कपडे बदलायला जागा नाही, संध्याकाळी घरी यायला बस नाही. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मुलींची नावं खेळातून गळतात ती आठवी-नववीत, आणि कारणं बहुतेक हीच असतात. नवा कोर्स काढणाऱ्यांनी आधी चेंजिंग रूम आणि बस बघावी, पुस्तक नंतर छापावं.

मला नेमकं विचारायचंय ते असं. तिनं विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊन बारावी केली आणि सोबत पाण्यातलं प्रशिक्षण घेतलं, तर दोन्ही झेपेल का? पुढं कुठं जाता येईल? आणि आतापासून काय तयारी करावी?

---

मैदानकर

ताई, झेपेल, पण क्लासेस, शाळा आणि तलाव अशा तिन्ही डगरींवर हात ठेवायला लावू नका. शाळेत शिकवतात ते नीट शिकली आणि आठवड्यातून चार सकाळी पोहली तर पुरे.

पुढच्या वाटा बऱ्याच आहेत. करंजाळ्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिच्या नव्या संकुलाचं उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. जीव वाचवणं, बोट चालवणं यांचे छोटे अभ्यासक्रम तिथं असतात, ते बारावीच्या सुट्टीत करता येतील. जायच्या आधी वयाची आणि पोहण्याची अट विचारून घ्या. पदवीकडं जायचं तर शारीरिक शिक्षणाची, क्रीडाविज्ञानाची वाट आहे. पुण्याला बालेवाडीत क्रीडा विद्यापीठ आहे, ग्वाल्हेरला १९५७ पासूनची लक्ष्मीबाई संस्था आहे, मणिपूरला राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आहे. प्रशिक्षक व्हायचं मनात आलं तर पतियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्था. जीवशास्त्र घेतलेलं असेल तर फिजिओथेरपीचं दारही बंद होत नाही, म्हणून ते सोडू नका.

चेंजिंग रूम आणि बसचा मुद्दा मी आमच्या मुख्याध्यापकांपुढं पहिल्या ओळीत ठेवणार आहे. पुढच्या वर्षी ऐच्छिक म्हणून एक छोटा वर्ग सुरू करायचा प्रस्ताव लिहायला घेतलाय: मैदान, तलाव, प्रथमोपचार, नोंदवही. गणितबाई, तलावाचं उदाहरण त्यात घालू का? आणि जीवरक्षकदादा, मुलांशी बोलायला एक दिवस याल का?

---

गणितबाई_फोंडा

अवश्य घाला. उत्तरपत्रिकेसकट पाठवते. रसायनाच्या मॅडमनाही विचारलंय, त्या तयार आहेत.

---

जीवरक्षक_उत्तर_गोवा

येतो. पावसाळ्यात बोलवा, तेव्हा वेळ जास्त मिळतो. सरावाची बाहुली आमची आणतो, छाती दाबायची सवय प्रत्येकाच्या हाताला व्हायला हवी.

साखळीच्या ताई, मुलीसाठी: तलावात लांब अंतर पोहायला लावा, पण डोकं वर ठेवून पोहायलाही शिकवा, कारण समुद्रात बुडणाऱ्यावरून नजर हलवायची नसते. पाय मारत जागेवर उभं राहायचा सराव हवा, हात पाण्याबाहेर ठेवून. वाळूवर धावणं वेगळं, ते आठवड्यातून एकदा करावं. डोळे आणि कान एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. इंग्रजी-हिंदीत मोठ्या आवाजात स्पष्ट बोलायची सवय लावा. समुद्रात एकटीनं सराव करू देऊ नका, कितीही चांगली पोहत असली तरी. आमच्या तुकडीत मुलीही आहेत, सासूबाईंना घेऊन एखाद्या सकाळी टॉवरपाशी या, त्यांच्याशीच बोला.